खाजगी शिकवणी आणि वर्गातील अध्यापन

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी पवनार हे गाव वसले आहे. शाळा सुटल्यावर घरी दप्तर टेकवून, चार घास खाऊन पुन्हा शिकवणीस निघालेली मुले आज पवनारसारख्या गावीही दृष्टीस पडतात. एके काळी शिकवणी ही शहरातील, आणि तीही मॅट्रिकच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांची बाब समजली जाई. आता ती खेड्यातील प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे. दुसरी-तिसरीच्या मुलासही शिकवणी लावावी काय, असा प्रश्न पालक शिक्षकांना विचारू लागले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शिकवणी व वर्ग या दोहोंत नेमका भेद काय, हे शिक्षकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे. पालकांची समजूत अशी असते की, शाळेत न येणारे शिकवणीत येते. काही शिक्षकांच्या मनातही नकळत असा विचार डोकावतो की, वर्गात राहून गेलेले शिकवणीत होईल. या दोन समजुती एकत्र आल्या म्हणजे त्यांच्या मधल्या फटीत एक मूल सापडते. ज्या घरी शिकवणीची फी देण्याची ऐपत नाही, जेथे आईबाप दोघेही कापूस वेचावयास जातात आणि घरी पाटीपुस्तक पाहणारे कोणी नाही, त्या घरच्या मुलास शिकण्याचे ठिकाण शाळा हे एकच होय. तेथे राहिले ते बहुधा कायमचे राहते.

दोन्ही पद्धतींची पूर्वपीठिका

वर्ग भरवून सर्वांस एकच पाठ एकाच वेळी शिकविणे ही आपल्याकडील प्राचीन रीत नव्हे. इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. मुले एका ओसरीवर बसत; परंतु कोणी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत असे, कोणी पाढे म्हणत असे, तर कोणी मोडी कित्ता वळवीत असे. पंतोजी एकेकास जवळ बोलावून त्याचा धडा पाहत आणि पुढचा देत. थोरली मुले धाकट्यांस शिकवीत. प्रत्येक मूल आपल्या पायरीवर असे. मात्र ती शाळा मोजक्याच घरांतील मुलांपुरती होती आणि मुलींना तेथे जवळजवळ प्रवेशच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात छापील क्रमिक पुस्तके आली, इयत्ता ठरल्या, शिक्षक-प्रशिक्षणाची सोय झाली आणि वर्गाध्यापन रूढ झाले. पुढे हर्बार्टच्या पंचपदीने पाठाची आखणी शिस्तबद्ध केली. एका शिक्षकाने अनेकांस शिकवावे, या योजनेवाचून सार्वत्रिक शिक्षण शक्यच झाले नसते.

घरी एकेकास शिकविण्याचे सामर्थ्यही याच काळात दिसून आले. सावित्रीबाई फुले यांस अक्षरओळख करून दिली ती जोतीरावांनी. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला तेव्हा त्यांस लिहितावाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी घरीच शिकवून त्यांस मराठी व इंग्रजी वाचनाची वाट मोकळी केली. शाळेचे दार ज्यांस बंद होते त्यांच्यापर्यंत घरची शिकवणी पोहोचली. परंतु ज्या मुलींच्या घरी जोतीराव किंवा रानडे नव्हते, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर जोतीराव व सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून दिले. एकीस घरी शिकविल्याने एक घर उजळते. सर्वांच्या मुलीबाळींस शिकवावयाचे तर शाळाच लागते.

शिकवणीचे बळ कोठे आहे

चांगल्या शिकवणीचे बळ शिकविणाऱ्याच्या विद्वत्तेत नसते. मुलाची चूक ज्या क्षणी होते त्या क्षणी ती पाहणारे कोणी जवळ असते, यात ते बळ आहे. एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीतील एका मुलीने ५२ वजा २७ हे उदाहरण सोडविले आणि उत्तर ३५ लिहिले. वर्गात तीस वह्या तपासताना त्यावर तांबडी फुली पडते आणि वही परत जाते. पुढच्या उदाहरणावरही तशीच फुली पडते. मुलीस एवढेच कळते की, आपल्याला गणित येत नाही.

हीच मुलगी शेजारी बसलेली असता तिला विचारले की, “हे कसे केलेस ग?” तर ती सांगते, “दोनातून सात जातच नाई बाई, मंग सातातून दोन काढले.” या एका वाक्यात सारे निदान आले. मुलगी निष्काळजी नाही. वजाबाकी तिला येते. मोठ्या अंकातून लहान अंक काढावा, हा नियम तिने मनाशी पक्का धरला आहे. दशक सुटा करून त्याचे दहा एकक होतात, एवढेच तिला उमगलेले नाही. काड्यांचा एक जुडगा तिच्यासमोर सोडला आणि दोन सुट्या काड्यांत त्या दहा मिळवून बारा झालेल्या दाखविल्या, की तिचा तोच नियम तिलाच अपुरा वाटू लागतो. फुलीने जे महिनाभरात साधत नाही ते येथे एका बैठकीत साधण्याचा संभव असतो.

भाषेच्या बाबतीतही असेच घडते. वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ मुले घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे बोलतात. पुस्तकात ‘मला’, ‘तुला’, ‘का’ असते. चाळीस डोळे आपल्याकडे लागले असता आपल्या बोलीत उत्तर देण्यास मूल कचरते आणि गप्प राहते. शिक्षकास वाटते, याला उत्तर ठाऊक नाही. एकट्यापाशी ते मोकळेपणी बोलते. त्याचा विचार बरोबर आहे व शब्द तेवढा घरचा आहे, हे शिकविणाऱ्याच्या ध्यानी येते.

अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या बाबीचे मोजमाप मांडले. एकेकास शिकविलेल्या गटातील सरासरी विद्यार्थी हा नेहमीच्या वर्गातील शेकडा ९८ विद्यार्थ्यांच्या पुढे गेला, असे त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आढळले होते. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ इतका मोठा दिसला नाही. तरी लाभ होतो, हे मान्य झाले. तथापि ब्लूम यांचा निष्कर्ष ‘सर्वांना शिकवणी लावा’ असा नव्हता. प्रत्येकास स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याही समाजास परवडणारे नाही. म्हणून गटात शिकवूनच या लाभाच्या जवळ कसे जाता येईल, हा प्रश्न त्यांनी शिक्षकांपुढे ठेवला. त्यावर त्यांनीच एक मार्ग तपासला होता: थोडे शिकवावे, लगेच पडताळावे, ज्यांचे राहिले असेल त्यांचे दुरुस्त करावे आणि मगच पुढे जावे. असे केल्यास वर्गातच सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील शेकडा ८४ जणांच्या पुढे जातो, असे दिसले.

वर्गाचे बळ कोठे आहे

वर्गात एकेकास शिकवीत बसता येत नाही, याचा हिशेब अगदी सरळ आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे. म्हणजे दिवसास चार तास, २४० मिनिटे. वर्गात तीस मुले धरली आणि प्रत्येकास स्वतंत्र वेळ दिला, तर एकास ८ मिनिटे मिळतात आणि उरलेली २३२ मिनिटे ते मूल रिकामे बसते. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. तेथे ही अडचण आणखीच वाढते. म्हणून वर्ग हा वर्ग म्हणूनच चालविला पाहिजे.

तसा तो चालविला असता शिकवणीत न मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी मुलास मिळतात. वर्गात मूल दुसऱ्याची चूक ऐकते आणि ती आपलीही आहे, हे मनातल्या मनात ओळखते. एकच उदाहरण तिघांनी तीन रीतींनी केलेले ते पाहते. शेजाऱ्यास समजावून सांगताना त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे, न पटल्यास कारण देऊन सांगणे, हेही मूल वर्गातच शिकते. शेतमजुराचे मूल व दुकानदाराचे मूल एका बाकावर बसून एकच गोष्ट वाचतात, हे तर पैसे मोजून विकत मिळणारे शिक्षणच नव्हे.

शिकवणीत आणखी एक धोका असतो. तेथे मदत फार लवकर मिळते. मूल अडले रे अडले की शिकविणारा पुढचा आकडा सांगतो. शाळेचा गृहपाठ पुरा झाला, वही भरली, की पालकही संतुष्ट होतात. परंतु अडल्यावर काही वेळ स्वतः झगडण्याची सवय मोडते. अशा मुलाची वही सुंदर असते आणि फळ्यापाशी उभे केले म्हणजे त्याचा हात चालत नाही. काही ठिकाणी पुढच्या आठवड्याचा धडा आधीच शिकविला जातो. मग ते मूल वर्गात कंटाळते आणि धडा पूर्वीच ऐकलेल्या मुलांच्या उत्तरांवरून सर्व वर्गास समजले, असा शिक्षकाचा समज होतो.

येथे आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. शिकवणी या नावाखाली जे चालते ते सर्वच काही एकेकास शिकविणे नसते. एका खोलीत वीस-पंचवीस मुले बसवून स्वाध्यायाची उत्तरे उतरवून देणे, ही शिकवणी नव्हे. तो दुसरा वर्गच होय. त्यात एकेकाकडे लक्ष देण्याचा गुण नाही आणि शाळेतील मोकळे मैदान, ग्रंथालय व सहजीवनही नाही. पालक फी देतात ती लक्ष पुरविण्याची. हाती पडतात ते बसण्याचे आणखी दोन तास.

वर्धा जिल्ह्याचाच एक धडा

एकेकाकडे लक्ष आणि सर्वांचे सहशिक्षण या दोहोंचा मेळ घालण्याचा एक मोठा प्रयत्न वर्धा जिल्ह्यातच झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सदस्यांत विनोबा भावे होते. पुढे १९३८ साली विनोबा पवनार येथे राहावयास आले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, हे या योजनेचे सूत्र होते. सेवाग्राम येथे हिंदुस्तानी तालीमी संघाने आर्यनायकम् व आशादेवी यांच्या देखरेखीखाली हे काम चालविले.

नयी तालीमच्या इतर अंगांविषयी मतभेद असतील. तिच्या वर्गरचनेचा एक गुण मात्र कोणाही शिक्षकाने पाहण्यासारखा आहे. तीस मुले टकळीवर सूत काततात तेव्हा काम सर्वांचे एकच असते, परंतु सूत प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाचे जाड, कोणाचे तुटके, कोणाचे एकसारखे. शिक्षक मुलांमधून फिरला की न विचारताच कोण कोठे अडले ते त्यास दिसते, आणि ज्याचा धागा तुटतो त्याच्याजवळ तो दोन मिनिटे बसू शकतो. बाकीच्यांचे काम त्यामुळे थांबत नाही. फळ्याकडे तोंड करून केलेल्या अध्यापनात मुलाचा तुटलेला धागा दिसत नाही. टकळी गेली तरी हे तत्त्व जात नाही. मुलांच्या हातांना असे काम द्यावे की, त्यातून त्यांचा विचार शिक्षकास डोळ्यांनी दिसेल. काड्यांचे जुडगे, पाटीवरील उभी मांडणी, मण्यांची माळ, मापे व तराजू ही साधने याचसाठी आहेत.

मुंबईचा अनुभव

अलीकडच्या काळातील एक अनुभवही मोलाचा आहे. मुंबई व बडोदा येथील नगरपालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ नेमल्या. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांस शाळेच्या वेळातच दररोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन वाचन व गणिताच्या मूलभूत पायऱ्या शिकविणे, हे त्यांचे काम होते. बालसखी ही वस्तीतीलच शिकलेली तरुणी असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे दोन सहकारी यांनी या कामाचे परीक्षण करून २००७ साली ते प्रसिद्ध केले. बॅनर्जी व डुफ्लो यांस पुढे २०१९ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला.

या परीक्षणातील तीन गोष्टी शिक्षकांनी ध्यानात ठेवाव्या. पहिली, सर्वांत मागे असलेल्या मुलांस सर्वाधिक लाभ झाला. दुसरी, ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान झाला, तरी मागे राहिलेल्या मुलांच्या प्रगतीत विशेष फरक पडला नाही. यावरून असे दिसते की, केवळ संख्या कमी केल्याने कार्य होत नाही. मूल जेथे आहे तेथून शिकविण्यास आरंभ करावा लागतो. तिसरी, कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने हा लाभ पुष्कळसा ओसरला. म्हणून असे साहाय्य एखाद्या मोहिमेपुरते न राहता वर्गाच्या नित्यक्रमाचा भाग झाले पाहिजे.

वर्गात काय करता येईल

शिक्षकास अध्यापनाखेरीज इतरही कामे असतात, हे खरे. तरीही खालील गोष्टी एका शिक्षकास तीस मुलांच्या वर्गात करता येण्याजोग्या आहेत.

(१) विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या पंधरवड्यात दररोज चार-पाच मुलांना एकेक करून जवळ बसवावे. एक छोटा उतारा वाचून घ्यावा, एक बेरीज व एक वजाबाकी समोर करून घ्यावी. कोण अक्षरांवर आहे, कोण शब्दांवर, कोण जोडाक्षरांशी अडते, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी.

(२) पाठ सर्वांस एकत्र द्यावा; सराव मात्र दोन किंवा तीन गटांत, त्या त्या पायरीचा द्यावा. गट कायमचे नसावेत. दर महिन्यास नोंद पाहून ते बदलावेत. ‘ढ मुलांचा गट’ असे नाव कोणत्याही गटास, मनातसुद्धा, देऊ नये.

(३) सराव चालू असता खुर्चीवर न बसता मुलांमधून फिरावे. रोज कोणत्या तीन मुलांजवळ बसावयाचे, हे सकाळीच ठरवावे. दोन आठवड्यांत सर्व वर्ग होतो.

(४) चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी ‘कसे केलेस?’ हा एक प्रश्न विचारावा. उत्तर मुलाच्या बोलीत आले तर प्रथम विचार ऐकावा; प्रमाण शब्द नंतर सांगावा.

(५) ज्यास येते त्याने शेजाऱ्यास समजावून सांगावे. परंतु उत्तर सांगू नये, रीत सांगावी, असा नियम घालून द्यावा.

(६) वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलांची वेगळी नोंद ठेवावी. ती परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांस पुढच्या धड्यावर बसविण्याआधी सुटलेल्या पायऱ्या भरून घ्याव्या.

या सूचना शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. २००९ च्या अधिनियमाच्या कलम २४ अन्वये प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पाहून त्यानुसार आवश्यक ते पूरक अध्यापन करणे आणि पालकांच्या नियमित सभा घेणे, हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २८ ने शिक्षकास खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. ही दोन्ही कलमे एकत्र वाचावीत. जे लक्ष शिक्षक संध्याकाळी फी घेऊन देऊ शकला असता, ते त्याने दिवसा, शाळेत, सर्वांस द्यावे, असाच त्यांचा एकत्रित अर्थ निघतो.

पालकांस काय सांगावे

शिकवणी लावू नका, असा हुकूम पालकांस देऊन काही साधत नाही. त्यांस तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. शिकविणारा मुलाजवळ बसून त्याचे ऐकतो काय? मुलाचा गृहपाठ मूल करते की शिकविणारा? शाळा व शिकवणी यांनंतर खेळण्यास, घरकामात हात लावण्यास व झोपण्यास मुलास वेळ उरतो काय? ज्या पालकांस लिहितावाचता येत नाही त्यांसही सांगता येईल की, रोज संध्याकाळी दहा मिनिटे मुलाजवळ बसावे आणि ‘आज काय शिकलास ते मला समजावून सांग’ एवढेच म्हणावे. समजावून सांगताना मूल पुन्हा शिकते. ऐकणाऱ्यास अक्षरओळख असलीच पाहिजे, असे नाही.

दीर्घ आजारातून उठलेल्या, शाळा बदलून आलेल्या किंवा एखाद्या विषयात फारच मागे राहिलेल्या मुलास काही काळ वेगळे साहाय्य लागते, हे नाकारता येत नाही. परंतु तिसरीच्या वर्गातील पुष्कळशा मुलांस साध्या वजाबाकीसाठी बाहेर फी द्यावी लागत असेल, तर तो त्या मुलांचा दोष मानता येणार नाही. वर्गाच्या मांडणीत कोठे उणे आहे, हे शोधण्याची ती सूचना होय. शिकवणीस जाणारे मूल कसेबसे निभावून नेते. न जाणारे मूल दर दिवशी शाळेच्या पायऱ्या चढते, मागच्या ओळीत बसते आणि कोणीतरी आपल्याला ‘कसे केलेस?’ असे विचारील, याची वाट पाहते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील असे मूल कोणते, हे या आठवड्यात शोधावे आणि पहिली आठ मिनिटे त्यास द्यावीत.